साथीच्या काळातील ऑनलाइन अभिप्राय : मुंबईतील लहान व्यावसायिकांसाठी मार्गदर्शक

मे २०२१ मधील गोष्ट आहे. लालबागमधील एका मसाल्याच्या दुकानाचे गुगलवरील पान मी तेव्हा सांभाळत होतो. आठ दिवसांत त्या पानावर तीन एक-स्टार अभिप्राय आले आणि तिन्हींचा आशय एकच होता : मसाल्याला वास नाही. एकाने तर ‘भेसळ’ हा शब्दही वापरला होता. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली काकू म्हणते. त्यांनी ते अभिप्राय मला फोनवर वाचून दाखवायला लावले, आणि मी वाचत असतानाच पलीकडे बरणीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. “अरे, ठसक्याने इथे उभं राहवत नाही, आणि म्हणे वास नाही!” काकू खोकतच म्हणाल्या. बेडगी त्याच व्यापाऱ्याची होती, डंक तोच होता, धण्या-खोबऱ्याचे प्रमाणही वीस वर्षांपूर्वीचेच होते. बदलले होते ते गिऱ्हाइकाचे नाक.

अमेरिकेत याच्या काही महिने आधी नेमके हेच सुगंधी मेणबत्त्यांच्या बाबतीत घडले होते. केट पेट्रोव्हा या संशोधिकेने अ‍ॅमेझॉनवरील अभिप्राय तपासले, तेव्हा २०२० या वर्षात सुगंधी मेणबत्त्यांचे सरासरी रेटिंग घसरत गेल्याचे, बिनवासाच्या मेणबत्त्यांचे मात्र फारसे न घसरल्याचे आणि ‘वासच येत नाही’ या तक्रारींचे प्रमाण वाढत गेल्याचे तिला दिसले. कोविडमुळे वास घेण्याची शक्ती जाते, हे तोवर जगजाहीर झाले होते.

साथीच्या काळातील अभिप्रायात दुकानाच्या मालाबरोबरच लिहिणाऱ्याची प्रकृती, त्याची भीती आणि त्या दिवशी लागू असलेला सरकारी नियम हेही मिसळलेले असते, आणि या सगळ्याचे माप मात्र एकाच पाच-स्टारच्या पट्टीवर पडते. पुढील पायऱ्यांचा हेतू हे मिश्रण वेगळे करण्याचा आहे. उदाहरणे मुख्यतः कोविडची असली, तरी पावसाळ्यातील गॅस्ट्रो, कावीळ, डेंग्यू, लेप्टो किंवा २००९ च्या स्वाइन फ्लूसारखी साथ आली तरी पद्धत तीच राहते.

साथ नसताना करून ठेवायची कामे

पहिले काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. गुगलवरील आपल्या दुकानाच्या पानाची मालकी आपल्या नावावर आहे ना, हे तपासावे. मुंबईत असंख्य लहान दुकानांची पाने कोणी तरी भाच्याने किंवा जुन्या नोकराने उघडून दिलेली असतात, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गावी गेलेला असतो. पान हातात आल्यावर वेळा, दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता अचूक करावा, नवीन अभिप्रायाची सूचना ई-मेलवर येईल अशी सोय करावी आणि त्या ई-मेल जपून ठेवाव्यात. याचे कारण असे की पानावर अभिप्रायाची नेमकी तारीख दिसत नाही. ‘३ महिन्यांपूर्वी’, ‘एक वर्षापूर्वी’ एवढेच दिसते. पुढे हिशेब मांडायचा झाला, तर तारीख त्या सूचनेतूनच मिळते.

खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल, तर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, पाण्याची टाकी धुतल्याच्या तारखा, पाणी तपासणीचे अहवाल आणि कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद एकाच फाइलमध्ये असावेत. शांततेच्या दिवसांत या फाइलकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. साथीत मात्र एखाद्या अभिप्रायाला उत्तर देताना तिच्यातील एक तारीख दहा ओळींच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक काम करते.

पहिले दोन दिवस : माहितीतील फट बुजवणे

साथीच्या सुरुवातीला येणारे बरेच वाईट अभिप्राय मालाबद्दल नसतात; पानावर लिहिलेले एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, यातून ते येतात. एप्रिल २०२१ च्या उत्तरार्धात राज्यात किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ होती. ज्यांच्या पानावर ‘सकाळी ९ ते रात्री ९’ तसेच राहिले, त्यांच्याकडे दुपारी भायखळ्याहून उन्हातान्हात चालत आलेला माणूस बंद शटरचा फोटो काढून एक स्टार देऊन गेला, तर त्याला दोष देता येत नाही. नियम सरकारचा होता हे खरे, पण पानावरील वेळ आपली होती.

म्हणून नवा आदेश निघाला की त्याच दिवशी वेळा बदलाव्यात. पूर्ण बंद असेल, तर ‘तात्पुरते बंद’ असे दाखवावे. ‘कायमचे बंद’ हा पर्याय त्याच्या शेजारीच असतो आणि घाईत तो दाबला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. सध्या काय मिळते आणि काय मिळत नाही, पार्सल आहे की घरपोच, पैसे रोख की यूपीआय, हे पानावर एका छोट्या सूचनेत लिहावे. शेजारच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेली सूचना पानावर आपोआप जात नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मोठ्या साथीत अभिप्रायांचे व्यासपीठच काही काळ थांबू शकते, हेही लक्षात ठेवावे. मार्च २०२० मध्ये गुगलने नवे अभिप्राय आणि त्यांना दुकानदारांनी द्यायची उत्तरे काही काळ बंद ठेवली होती आणि एप्रिलपासून ती टप्प्याटप्प्याने सुरू केली. येल्प या अमेरिकी संकेतस्थळाने तर दोन प्रकारचे अभिप्राय चालवून घेतले जाणार नाहीत असे जाहीर केले : अमुक दुकानातून मला कोविड झाला असा दावा करणारे, आणि एरवी उघडे असण्याच्या वेळेत दुकान बंद होते म्हणून रेटिंग खाली आणणारे. असा खंड पडला की पानावर एक पोकळी राहते. त्या पोकळीच्या आधीचे आणि नंतरचे अभिप्राय लिहिणारी माणसे बहुधा निराळी असतात.

तारीखवही

हा या पद्धतीचा कणा आहे. साधी दोनशे पानी वही घ्यावी किंवा मोबाइलवर तक्ता करावा. त्यात पाच रकाने पाडावेत : अभिप्रायाची तारीख, ग्राहक प्रत्यक्ष आल्याची तारीख, त्या दिवशी लागू असलेला नियम, तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत, आणि ती गोष्ट आपल्या हातात होती का.

तिसरा रकाना भरण्यासाठी मुंबईच्या कोविडकाळातील काही तारखा हाताशी असू द्याव्यात. मुंबईत पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’खाली ५ जून २०२० पासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडू लागली. मॉल ५ ऑगस्टला उघडले. उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने सुरू झाली आणि ५ एप्रिल २०२१ पासून पुन्हा केवळ पार्सल आणि घरपोच सेवेवर आली. लोकल १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुली झाली होती. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना मिळाली. राज्यातील सर्व निर्बंध १ एप्रिल २०२२ रोजी उठले.

या तारखा अभिप्रायांशेजारी मांडल्या की गमतीशीर गोष्टी दिसतात. दादरमधील एका साडीच्या दुकानाला जून २०२० मध्ये ‘यांची मर्जी असेल तेव्हा दुकान उघडतात’ असा एक-स्टार अभिप्राय मिळाला होता. तारीख लावून पाहिली, तेव्हा ग्राहक आलेला दिवस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूचा निघाला. हॉटेलांच्या बाबतीत लोकलचे वेळापत्रक पाहण्यासारखे असते. लोकल बंद म्हणजे विरार, कल्याण, पनवेलहून येणारा कामगार नाही. कामगार नाही म्हणजे पोळ्यांना वेळ. आणि पोळ्यांना वेळ म्हणजे ‘सर्व्हिस स्लो’ हा अभिप्राय. तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ स्वयंपाकघरात सापडणार नाही.

पाचवा रकाना भरताना मात्र स्वतःशी लबाडी करू नये. महिनाभर वही लिहिल्यानंतर प्रत्येक ओळीपुढे ‘आमच्या हातात नव्हते’ असेच लिहिलेले आढळले, तर ती वही फेकून द्यावी. पॅकिंग गळत होते, फोन उचलला जात नव्हता, बाजारात माल होता तरी भाव चढवला होता, मास्क हनुवटीवर होता, या सगळ्या गोष्टी साथीत घडल्या तरी आपल्याच हातातील आहेत.

लिहिणारे बदलतात

रेटिंग का हलले, हे शोधताना आधी लिहिणारे कोण आहेत ते पाहावे. गिरगावातील एखाद्या खाणावळीचे नेहमीचे ग्राहक म्हणजे आसपासच्या कचेऱ्यांतील बाबू, नाटकाला आलेले लोक आणि चाळीतील म्हातारी जोडपी. यांतील निम्मे लोक कधी अभिप्राय लिहीतच नाहीत. ते मान हलवून जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. टाळेबंदीत हे सारे घरी बसले आणि त्यांच्या जागी अ‍ॅपवरून मागवणारा, खाणावळ कधीही न पाहिलेला, प्रत्येक ऑर्डरनंतर रेटिंग विचारला जाणारा ग्राहक आला. पदार्थ तोच, पण परीक्षक नवा, आणि परीक्षेचा विषयही नवा : डबा गरम होता का, तर्री सांडली का, चमचा दिला का. बटाटावड्याचे कुरकुरीत आवरण चाळीस मिनिटे बंद डब्यात राहिल्यावर मऊ पडणारच, पण ग्राहकाने पैसे वड्याचे दिलेले असतात.

झोमॅटोवर बसून जेवण्याचे आणि घरपोच सेवेचे रेटिंग वेगवेगळे दिसते, त्यामुळे तिथे हा फरक निदान डोळ्यांना कळतो. गुगलवर सगळे एकाच आकड्यात जाते. म्हणून पार्सलच्या काळात यादी छोटी करणे, प्रवासात टिकणारे पदार्थच ठेवणे, मिसळीची तर्री, फरसाण आणि पाव वेगळे बांधणे हा रेटिंग राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कोणत्याही गोड उत्तरापेक्षा तो बरा.

आणखी एक चढउतार बहुतेक पानांवर दिसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत लोक दयाळू असतात. ‘या परिस्थितीतही सेवा दिली, सलाम’ असे लिहून पाच स्टार देतात. काही महिन्यांनी संयम संपतो, आणि तीच अर्ध्या तासाची दिरंगाई दोन स्टार घेऊन जाते. त्यामुळे एप्रिल २०२० मधील पाच स्टारांवर फार फुगून जाऊ नये. दुकानाच्या गुणाइतकीच त्यांत लिहिणाऱ्याची कृतज्ञता आहे.

‘इथे जेवलो आणि आजारी पडलो’

साथीच्या दिवसांत सर्वांत जड अभिप्राय हाच, म्हणून यावर थोडे थांबून लिहितो. असा अभिप्राय वाचताच दुकानदाराची पहिली प्रतिक्रिया ‘खोटे आहे’ ही असते, आणि वाचणाऱ्याची ‘खरेच असेल’ ही. दोघांनीही आधी घड्याळ पाहावे.

प्रत्येक आजाराला अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ठरावीक काळ लागतो. स्टॅफिलोकॉकस जंतूचे विष असलेले अन्न खाल्ले, तर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात. नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात, साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवस. दूषित पाण्या-अन्नातून होणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ १५ ते ५० दिवसांनी उमटते. कोविडची लक्षणे २ ते १४ दिवसांत दिसतात. लेप्टो तर उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, बहुधा पायाच्या जखमेवाटे शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला आहे.

आता ‘काल रात्री यांच्याकडे पाणीपुरी खाल्ली, आज कावीळ निघाली’ हा अभिप्राय पुन्हा वाचावा. कालची पाणीपुरी त्या काविळीला जबाबदार असू शकत नाही. पण हाच हिशेब उलट्या बाजूनेही लागू होतो. कोणी ‘महिन्यापूर्वी जेवलो होतो, आता कावीळ झाली’ असे लिहिले, तर एवढ्या उशिरा कसे आठवले म्हणून ते झटकून टाकता येत नाही. त्या आजाराची चाल तशीच आहे. शिवाय माणूस शेवटच्या जेवणाला दोष देतो, हा स्वभाव आहे. प्रत्यक्षात घोटाळा दोन दिवसांपूर्वीच्या लग्नातील किंवा घरच्या पिंपातील पाण्याचाही असू शकतो.

हे सारे स्वतःच्या समजुतीसाठी आहे. उत्तरात ग्राहकाला जंतुशास्त्र शिकवू नये. आपण बरोबर असलो, तरी वाचणाऱ्यांना तो उद्धटपणाच वाटतो.

करायचे ते असे. ज्या पदार्थाचा उल्लेख आहे, तो त्या दिवसापुरता थांबवावा. त्या रात्रीची बिले काढून तोच पदार्थ घेतलेल्या ओळखीच्या दोघा-चौघांना सहज फोन करावा. स्वयंपाकघरातील कोणाला जुलाब, उलट्या किंवा ताप आहे का, हे विचारावे, आणि विचारताना पगार कापला जाणार नाही हेही सांगावे. नाही तर खरे उत्तर मिळणार नाही. पाण्याची टाकी, बर्फ कोठून येतो, फ्रिजचे तापमान, चटणी किती तास बाहेर राहते, या चार गोष्टी पाहाव्यात. नळाचेच पाणी गढूळ येत असेल, तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा. मगच उत्तर लिहायला बसावे. माझ्या हाताखालून गेलेले एक उत्तर नमुन्यादाखल देतो :

“नमस्कार. आपल्याला त्रास झाल्याचे वाचून वाईट वाटले. आपण जेवलात त्या रात्रीच्या इतर ग्राहकांकडे आम्ही चौकशी करत आहोत. पाण्याची टाकी त्याच आठवड्यात धुतली होती, तरीही पाण्याचा नमुना पुन्हा तपासायला दिला आहे. बिल क्रमांक आणि जेवणाची वेळ दुकानाच्या क्रमांकावर कळवलीत, तर तपासाला मदत होईल. अहवाल आल्यावर तो काय आहे, हे इथेच लिहू.”

शेवटचे वाक्य लिहिले, तर ते पाळावे लागते. गुगलवर एका अभिप्रायाखाली दुकानाला एकच उत्तर देता येते, पण ते नंतर बदलता येते. अहवाल आला की त्याच उत्तरात तारखेसह भर घालावी.

आठवडाभरात एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी पोट बिघडल्याचे लिहिले, तर बदनामीचा विचार बाजूला ठेवून त्याकडे धोक्याची घंटा म्हणून पाहावे. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१२-१३ मध्ये येल्पवरील सुमारे २ लाख ९४ हजार अभिप्राय संगणकाकरवी चाळले. त्यांतील ८९३ तज्ज्ञांनी वाचले आणि त्यांतून, तोवर कोणीही न कळवलेले, उपाहारगृहांशी जोडलेले अन्नबाधेचे ३ उद्रेक हाती लागले. त्यांत १६ जण आजारी पडले होते. अभिप्रायांतून अन्नबाधेचे वर्णन करणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी शहराच्या अधिकृत क्रमांकावर तक्रार केली होती. लोक खात्याला कळवत नाहीत, पण पानावर लिहितात. दुकानदारासाठी याचा अर्थ इतकाच, की खाते दारात येण्याआधी ही बातमी त्याच्या मोबाइलवर आलेली असते.

अफवेचे अभिप्राय

फेब्रुवारी २०२० मध्ये, मुंबईत एकही रुग्ण नसताना, कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो ही अफवा राज्यभर पसरली आणि केंद्र-राज्याच्या पशुसंवर्धन खात्यांनी खुलासे करूनही कुक्कुटपालकांचे भाव कोसळले. अशा वेळी चिकनच्या खाणावळींच्या पानांवर कधीही न जेवलेले लोक ‘सावध राहा’ म्हणून एक स्टार टाकून जातात. प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेला नसलेला मजकूर गुगलच्या धोरणाविरुद्ध आहे. तो तक्रार करून हटवण्याची विनंती करता येते, आणि नकार मिळाला तर एकदा अपीलही करता येते. मजकूर हटेपर्यंत खाली दोन ओळींचे शांत उत्तर ठेवावे. अफवेचे शब्द मात्र उत्तरात पुन्हा लिहू नयेत.

तक्रार करताना वहीतील ओळ उपयोगी पडते. ‘हा अभिप्राय खोटा आहे’ एवढ्याने काही होत नाही. ‘अभिप्रायात दुकानात बसून जेवल्याचा उल्लेख आहे, त्या काळात शासन आदेशानुसार केवळ पार्सल सुरू होते’ हे सांगता येते. वकिलाची नोटीस मात्र शेवटची पायरी आहे. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९-५०० खाली होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. पण साथीने हैराण झालेल्या ग्राहकाला एका स्टारसाठी नोटीस पाठवणाऱ्या दुकानाबद्दल गल्लीत काय बोलले जाते, हे मी ऐकले आहे.

उत्तर देताना

काकूंच्या मसाल्याकडे परत येतो. त्यांना उत्तरात ‘आधी तुमची टेस्ट करून घ्या’ असे लिहायचे होते. मी हट्टाने नको म्हटले. वास न येण्याचे ते कारण खरे असण्याची शक्यता मोठी होती, तरी ग्राहकाच्या आजाराचे निदान आपण, तेही चारचौघांत, करायचे नसते. शेवटी असे लिहिले : “नमस्कार. मसाला मार्चमध्ये डंकावर कुटलेला आहे. आपल्याला वास कमी वाटला, तर उघडलेले पाकीटही आम्ही बदलून देऊ; वेळ सकाळी ७ ते ११. सध्या बाहेर पडणे शक्य नसेल, तर पाकीट तसेच ठेवा, निर्बंध उठल्यावर आणा.” तिघांपैकी एकाने दीड महिन्याने आपला अभिप्राय बदलून चार स्टार केला आणि खाली लिहिले की तेव्हा घरात कोणालाच वास येत नव्हता. दुसऱ्या दोघांनी काही केले नाही. ते दोन एक-स्टार अभिप्राय आजही तिथेच आहेत, आणि ‘भेसळ’ हा शब्दही.

ज्या भाषेत आणि लिपीत अभिप्राय आला, त्याच भाषेत उत्तर द्यावे. मुंबईत एकाच पानावर मराठी, हिंदी, गुजराती आणि रोमन लिपीतील मराठी एकत्र नांदते. संतापाच्या अभिप्रायाला रात्री उत्तर देऊ नये. एकच छापील उत्तर वीस जणांना चिकटवू नये. ओळीने वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

दवाखाने आणि रुग्णालये यांचे गणित वेगळे आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे व्यावसायिक कर्तव्य आहे, आणि समोरच्याने स्वतःची सारी हकीकत पानावर लिहिली म्हणून ते संपत नाही. ‘तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता म्हणूनच…’ अशी सुरुवात कदापि करू नये. तो आपल्याकडे आला होता की नाही, हेही सांगू नये. “कोणत्याही रुग्णाच्या उपचारांविषयी आम्ही येथे लिहू शकत नाही. आपले म्हणणे प्रत्यक्ष ऐकण्यासाठी स्वागतकक्षात वेळ राखून ठेवू” एवढे पुरे. एप्रिल-मे २०२१ मध्ये रुग्णालयांच्या पानांवर ज्यांचे माणूस गेले, अशा नातेवाइकांनी लिहिले आहे. भेटू दिले नाही, चेहरा पाहू दिला नाही, असे लिहिले आहे. त्याखाली नियमांचे स्पष्टीकरण देणारी उत्तरे मी वाचली आहेत आणि ती नसती तर बरे झाले असते. तेथे दोन ओळींत दुःख व्यक्त करून एका जबाबदार माणसाचे पद आणि भेटीची वेळ द्यावी.

भाचे-पुतण्यांचे पाच स्टार

रेटिंग घसरले की घरातील सगळ्यांना कामाला लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, हे त्यात स्पष्ट आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी एकाच रविवारी आलेले, एकाच आडनावाचे नऊ पाच-स्टार अभिप्राय कोणालाही ओळखू येतात.

मग आकडा वर कसा येतो? साध्या सरासरीने हिशेब करून पाहू. समजा, एका दुकानाचे १२० अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.४ आहे. साथीच्या दोन महिन्यांत १५ एक-स्टार अभिप्राय आले, तर सरासरी ४.०२ वर येते. ती पुन्हा ४.४ वर नेण्यासाठी ओळीने ८५ पाच-स्टार अभिप्राय लागतात. पंधराची भरपाई पंच्याऐंशीने. हा आकडा एकदा कागदावर पाहिला की महिन्याभरात रेटिंग सुधारण्याचा नाद सुटतो.

म्हणून निर्बंध उठल्यावर, नेहमीचे ग्राहक परतू लागले की, बिल देताना प्रत्येकाला समान विनंती करावी : चांगले वाटो वा वाईट, दोन ओळी लिहा. खूश दिसणाऱ्यालाच विचारणे किंवा अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गुगलच्या नियमांत बसत नाही. रोज दोन जणांनी लिहिले, तरी दीड-दोन महिन्यांत पानाच्या वरच्या भागातील चित्र बदलते, आणि अनेक ग्राहक ‘सर्वांत नवीन’ लावूनच वाचतात. दुकानातील क्यूआर कोड गल्ल्याशेजारी, यूपीआयच्या कोडपासून हातभर लांब लावावा. चिकटून लावला की लोक पैसे भरायला गेल्यावर अभिप्रायाच्या पानावर पोहोचतात आणि वैतागतात.

वाचणाऱ्यासाठी थोडेसे

हीच वही उलटी धरली की ती ग्राहकाच्या कामाची होते. कोणतेही पान पाहताना सरासरीआधी ‘सर्वांत नवीन’ लावून गेल्या सहा महिन्यांचे वाचावे. ‘पाच-सहा वर्षांपूर्वी’ असे लिहिलेले एक-स्टार अभिप्राय दिसले, तर ते टाळेबंदीतील असू शकतात, हे लक्षात घेऊन तक्रार कशाची आहे ते पाहावे. बंद दुकानाची असेल तर सोडून द्यावे. पैसे परत न केल्याची असेल तर सोडू नये, कारण पैसे अडकवण्याची सवय साथीबरोबर जात नाही. साथीत ऑक्सिमीटरसारख्या वस्तू घेताना पाच स्टारांची संख्या पाहू नये. ज्याने ते यंत्र डॉक्टरकडील यंत्राशेजारी लावून पाहिले, त्याचा अभिप्राय शोधावा. ‘वेळेत मिळाले, पॅकिंग छान’ या अभिप्रायावरून यंत्र बरोबर आकडा दाखवते की नाही, हे कळत नाही.

आणि स्वतः लिहायचे असेल, तर कोणत्या दिवशी गेलो, काय घेतले, त्रास किती तासांनी सुरू झाला आणि आधीच्या दोन दिवसांत बाहेर आणखी कोठे खाल्ले, एवढे लिहावे. ऑनलाइन खरेदीत फसवणूक झाली असेल, तर अभिप्रायाबरोबरच त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तेथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मसाल्याला वास नाही असे लिहिण्याआधी मात्र ते पाकीट शेजारच्या घरात एकदा हुंगायला द्यावे.